न्यायालयाचे दार



मूलभूत हक्क म्हटले की समता, भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य ही नावे आपण भराभर सांगतो. आम्ही आज बोलणार आहोत ते बत्तिसाव्या कलमाविषयी. हक्क मोडला गेल्यास नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागावी, हा अधिकार ते कलम देते. आणि तो अधिकारही मूलभूत हक्कच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी याच कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. कर्जरोखा हाती आहे, पण दावा लावायला कोर्टच नाही, तर त्या रोख्याची किंमत रद्दीइतकीच!

याची प्रचीती १९७५ साली आली. जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने चौदा, एकवीस व बावीस या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. हक्क पुस्तकात जागच्या जागी छापलेले होते. बंद झाले होते ते दार. ‘मिसा’खाली डांबलेल्यांनी तरीही हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. या माणसाला कोणत्या कायद्याने अडकवले ते दाखवा, असे सरकारला विचारण्याचा हा मार्ग. अनेक उच्च न्यायालयांनी ते अर्ज ऐकता येतात, असे ठरवले. सरकार वर गेले.

सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले : एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर दाद आहे काय? आणीबाणी असेतो नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. त्यांत पुण्यात शिकलेले न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते. चौघांना नावे ठेवणे सोपे आहे. पण असा आदेश काढू देणारे ३५९वे कलम घटनाकारांनीच लिहून ठेवले होते, हेही विसरू नये. एकटे खन्ना म्हणाले की, एकविसावे कलम नसते तरी कायद्यावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने विसाव्या व एकविसाव्या कलमांना आणीबाणीतही हात लावता येणार नाही, असे ठरले. १९७६चा निकाल मात्र २०१७ पर्यंत रीतसर पुसला गेला नव्हता. तो पुसणाऱ्या निकालपत्राचे एक लेखक यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची मुभा बावीसाव्या कलमात आजही आहे. तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे : कोंडलेल्या माणसाला स्वतः अर्ज करणे जमत नसेल, तर त्याचा नातलग किंवा मित्रही तो करू शकतो, बत्तिसाव्या कलमाखाली दिल्लीस, नाही तर २२६व्या कलमाखाली आपल्या उच्च न्यायालयात.