फादर स्टीफन्स आणि आपली मराठी
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मंदिर बांधणाऱ्यांचें, देणगीदारांचें आणि पूर्वीच्या धर्मगुरूंचें स्मरण करावें असा आपला रिवाज आहे, आणि तें स्मरण आज सकाळच्या पवित्र मिस्सांत आपण केलेंच आहे. आतां मला जें थोडें बोलावयाचें आहे तें अशा एका पुरुषाविषयीं, कीं ज्यांच्या नांवाची फरशी आपल्या मंदिरांत कोठेंही बसविलेली नाहीं. तथापि आपण मराठींत प्रार्थना करणारे लोक त्यांचे ऋणी आहों, आणि ऋण कोणाचें हें मुलांना सांगून ठेवणें वडीलमंडळींचें काम आहे.

आपली दिंडोशी ज्या बेटावर वसली आहे त्याचें जुनें नांव साष्टी. गोव्यांतही एक साष्टी आहे. सहासष्ट गांवांचा मुलूख म्हणून हें नांव पडलें, असें दोन्हीकडे सांगतात. दोन्ही मुलूख सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं आले आणि दोन्हीकडे ख्रिस्ती वस्ती झाली. त्या गोव्याच्या साष्टींत ज्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य वेंचिलें ते फादर थॉमस स्टीफन्स हे आजच्या भाषणाचे नायक होत.

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत एका व्यापाऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. त्या काळीं राणी एलिझाबेथ हिच्या राज्यांत कॅथोलिक धर्म उघडपणें पाळणें म्हणजे दंड आणि तुरुंग पत्करणें होतें. थॉमस पाउंड नांवाच्या एका कॅथोलिक गृहस्थाबरोबर रोमला जाण्याचा त्यांनीं बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढें त्यांच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें तुरुंगांतच गेलीं. स्टीफन्स एकटेच निघाले, आणि १५७५ सालीं रोमनगरींत येशूसंघांत दाखल झाले. स्वतःच्या देशांत ज्याला धर्म पाळावयास मोकळीक नव्हती, असा हा तरुण परदेशाचा मिशनरी झाला.

ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला, आणि ता. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर! पोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं वडिलांस एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत वारा, प्रवाह, पक्षी, मासे, आफ्रिकेच्या टोंकाचीं वादळें, सर्वांचें वर्णन आहे. ताज्या अन्नपाण्यावांचून खलाशांच्या हिरड्या कशा सुजतात, पाय कसे ताठतात, हेंही आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस मेलीं. आणि इतर वर्षांच्या मानानें हें नुकसान थोडेंच समजलें गेलें, असें ते कळवितात. त्या वेळीं त्यांचें वय सुमारें तीस वर्षांचें होतें. पुन्हा मायदेश दिसला नाहीं. इ. स. १६१९ मध्यें गोव्यांतच त्यांनीं देह ठेविला.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. तीस वर्षांचा, लॅटिन शिकलेला, विद्वान पुरुष परक्या मुलुखांत उतरतो तेव्हां तो पुन्हा लहान मूल होतो. पाणी मागावयाचें तरी शब्द नाहीं. बाजारांतलें पोर त्याच्या उच्चारावर हंसतें. अशा वेळीं दोन वाटा असतात. एक वाट दुभाष्याची, कीं लोकांनीं आपली भाषा शिकावी व आपण खुर्चीवर बसावें. दुसरी वाट त्या पोराजवळ बसून शिकण्याची. फादर स्टीफन्स दुसऱ्या वाटेनें गेले. त्या वाटेवर ते एकटे नव्हते. त्यांच्या एक वर्ष आधीं मात्तेओ रिच्ची गोव्यास आले होते. १५८२ सालीं ते मकावकडे गेले व पुढें चिनी भाषेंत ग्रंथ लिहूं लागले. १६०६ सालीं रॉबर्टो दे नोबिली मदुरेस जाऊन तमिळ व संस्कृत शिकले. पेंतेकॉस्तच्या दिवशीं प्रत्येकाला आपापल्या बोलींत शुभवार्ता ऐकूं आली. त्या प्रसंगाचा अर्थ ह्या तिघांनीं नेमका ओळखला होता.

गोव्यांत चार वर्षें काढल्यावर, ता. २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, त्यांनीं आपल्या बंधूस लॅटिनमध्यें पत्र लिहिलें. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचा उच्चार कानांस अप्रिय नाहीं, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असा त्यांतला आशय आहे. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यांत संस्कृताविषयीं असाच विचार मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं. परंतु विद्वत्तेच्या अग्रमानापेक्षां मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ज्या बोलीला राज्यकर्ते गांवंढळ समजत, तिच्यांत ह्या परदेशी पाद्र्याला ग्रीक आणि लॅटिन यांच्या तोलाची प्रतिष्ठा दिसली. आदर असल्यावांचून अशी दृष्टि येत नाहीं.

त्यांनीं एक नव्हे, दोन भाषा साधल्या. घराघरांतून, शेतांतून बोलली जाणारी कोंकणी त्यांनीं शिकवणुकीसाठीं आत्मसात केली. तिच्यांत त्यांनीं ख्रिस्ती सिद्धांताचें पुस्तक लिहिलें, तें राशोल येथें १६२२ सालीं छापलें गेलें; आणि तिचें व्याकरण रचलें, तें इतरांनीं भर घालून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या देशांतील भाषांच्या छापील व्याकरणांत तें पहिलें समजतात. दुसरी भाषा मराठी. ती पोथीची, पुराणाची, भक्तीची भाषा होती. लोक बोलत कोंकणींत, परंतु देवाचें चरित्र ऐकावयाचें तें मराठी ओवींत, अशी रीत होती. ज्ञानेश्वरांनीं जो छंद घरोघर पोंचविला, तोच ह्या इंग्रजानें हातीं घेतला.

एवढें करूनही ते स्वतःची भाषा विसरले नाहींत. १५८३ सालीं राल्फ फिच आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. दुसऱ्याची भाषा प्रेमानें शिकल्यानें आपली भाषा जात नाहीं, हें आपल्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्या कथेचा एक भाग दुःखाचा आहे. ज्युबिलीच्या दिवशीं तो गाळावा असें मला वाटत नाहीं. त्या काळीं साष्टींत राज्यसत्तेच्या बळावर हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं होतीं आणि त्यांच्या पोथ्या वाचण्यावर बंदी आली होती. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं फादर रुदोल्फ अक्वाविवा, त्यांचे चार येशूसंघीय सोबती आणि त्यांच्याबरोबरचे आणखी कांहीं ख्रिस्ती जन मारले गेले. त्या पांचांचीं प्रेतें मिळवून त्यांचा अंत्यविधि करण्याचें काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आलें. पुढें गांवच्या पुढाऱ्यांना असोळणें येथील किल्ल्यांत बोलणीसाठीं म्हणून बोलावून ठार करण्यांत आलें. दोन्हीकडचें रक्त एकाच मातींत पडलें. आपण हुतात्म्यांचा सन्मान करतों. परंतु शेजाऱ्याच्या घरचें दुःख झांकून केलेला सन्मान प्रभूला रुचणार नाहीं.

अशा मुलुखांत त्यांनीं पुढें छत्तीस वर्षें काढलीं, आणि तेथेंच त्यांना एक प्रश्न ऐकूं आला. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या अध्यायांत, ज्याला ते अवस्वरु म्हणतात, तो प्रसंग आहे. रविवारीं मुलांची शिकवणूक चालली असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, कीं पूर्वींचीं पुराणें आम्हीं सोडिलीं, तर आतां आम्हीं मनाला विरंगुळा म्हणून काय वाचावें? प्रश्न साधा, पण किती खोल! लोकांचीं गाणीं काढून घेतलीं आणि त्यांच्या हातीं केवळ प्रश्नोत्तरें दिलीं, तर अंतःकरण उपाशी राहतें. फादर स्टीफन्स यांनीं त्या माणसाला धमकाविलें नाहीं, कीं उडवाउडवीही केली नाहीं. उत्तरादाखल त्यांनीं एक पुराण लिहिलें.

पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु, दुसऱ्यांत ५९. मिळून ओव्या १०,९६२. सृष्टीच्या आरंभापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत सारी कथा त्यांत आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात आणि पवित्र मरियेला अंकवारी. मराठीची थोरवी त्यांनीं गाइली आहे त्या ओव्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केल्या असतील. तेथें त्यांना उपमा सुचतात त्या इकडच्या फुलांच्या, पक्ष्यांच्या, सुगंधांच्या; विल्टशरच्या कुरणांच्या नव्हेत. भाषा जिभेवरून डोळ्यांत उतरली होती, याची ही खूण.

त्यांची एक इच्छा मात्र राहून गेली. हे पुराण देशी अक्षरांत छापावें अशी त्यांची तळमळ होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमला संघाच्या सरसेनापतींकडे पत्र लिहून खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत जातात ही अडचण आहे, परंतु युक्तीनें ती संख्या दोनशेंवर आणतां येईल, असा हिशेबही त्यांनीं दिला. तें घडलें नाहीं. १६१६ सालीं ग्रंथ राशोल येथें रोमी लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं पुन्हा निघाला. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

मग ग्रंथ वांचला कसा? सामान्य माणसांच्या हातांनीं. ता. २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढिलें, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मान कागदावर राहिलें. लोक बोलत राहिले, आणि ख्रिस्तपुराणाच्या नकला हातानें उतरून घेत राहिले. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी लिपींतली एक हस्तलिखित प्रत लंडनच्या प्राच्यविद्यालयाच्या संग्रहांत मिळाली. अखेर १९५६ सालीं पुण्याहून शांताराम बंडेलू यांनीं संपूर्ण ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनीं फादर स्टीफन्स यांची इच्छा पुरी झाली. १९९६ सालीं येशूसंघाचे फादर कारिदाद द्रागो यांनीं नवी आवृत्ति काढिली.

आपली साष्टीही मागें नव्हती. सतराव्या शतकांत फ्रान्सिस्कु वाझ दे गिमराइंश यांनीं प्रभूच्या दुःखसहनावर उत्तर कोंकणच्या मराठींत पुराण रचिलें, आणि मुंबई, साष्टी व वसईकडील ख्रिस्ती घरांत तें वाचिलें जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०३ सालीं, जर्मन मिशनरी फादर हेन्री डोरिंग यांनीं मराठी कॅथोलिकांसाठीं "निरोप्या" मासिक सुरू केलें. परदेशाहून आलेल्या माणसांनीं आपल्या भाषेवर किती श्रम केले, याची ही परंपरा आहे.

आतां आपल्या घराकडे पाहूं. दिंडोशीच्या टेकडीखालीं आज उंच इमारती आहेत, न्यायालय आहे, महामार्ग आहे. मुलें इंग्रजी शाळेंत जातात, जावोत. इंग्रजीचा द्वेष करावा असें मी सांगत नाहीं; आजच्या कथेचा नायकच मुळीं इंग्रज! परंतु आजी मराठींत विचारते आणि नातू इंग्रजींत उत्तर देतो, तेव्हां हळूहळू आजी विचारणेंच सोडून देते. आजीची प्रार्थना तिच्याबरोबर जाते. परक्यानें अर्धें आयुष्य घालवून जी भाषा मिळविली, ती आपण एका पिढींत, कोणी फर्मान काढिलें नसतां, टाकून देणार काय? १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेला उपासनेचें दार उघडून दिलें. त्या दारानें आंत जावयास माणसेंच उरलीं नाहींत, तर दोष दाराचा नव्हे.

आणि जे तरुण-तरुणी धर्मकार्यासाठीं, शुश्रूषेसाठीं वा पोटासाठीं परप्रांतीं, परदेशीं जातील, त्यांना माझें सांगणें हें, कीं जेथें जाल तेथील माणसांची भाषा शिका. दुभाष्यावर निभावूं नका. ज्याची सेवा करावयाची त्याचें दुःख त्याच्याच शब्दांत ऐकूं आलें पाहिजे.

शेवटीं एक विनंति. ज्युबिलीची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबानें ख्रिस्तपुराण घरीं आणावें आणि रात्रींच्या जपमाळेनंतर रोज दहा ओव्या मोठ्यानें वाचाव्या. भाषा जुनी आहे; अडेल तेथें थांबावें, वडीलमंडळींस विचारावें, मला विचारावें. रविवारीं मिस्सानंतर मी त्यासाठीं बसत जाईन. दहा ओव्यांप्रमाणें हिशेब केला तर सारा ग्रंथ वाचून व्हावयास सुमारें तीन वर्षें लागतात. १६८४ च्या फर्मानानें आपल्या पूर्वजांना बोली विसरण्यासाठीं तेवढीच मुदत दिली होती. ती मुदत आपण शिकण्याकडे लावूं या.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.