जुन्या चामड्यास नवा रंग

श्रोतेहो, माझ्या घरांत एका खुंटीवर चामड्याची एक थैली टांगलेली आहे. ती जोडींतली आहे. पण तिची जोड आज शिल्लक नाहीं. पूर्वीं घोडेस्वार खोगिरावर दुतोंडी पडशी टाकीत असत. पुढें घोड्याची जागा मोटारसायकलनें घेतली, तेव्हां ती पडशी तिच्याही पाठीवर चढली आणि मागील चाकाच्या दोन्ही अंगांस लोंबूं लागली. माझ्या वडिलांची नोकरी जमीन-मोजणीची. मद्रासला १९५५ सालापासून बनूं लागलेल्या बुलेट गाड्यांपैकीं एक जुनी गाडी त्यांनीं विकत घेतली होती. तिच्या दोन थैल्यांत नकाशे, मोजणीची फीत आणि भाकरीचें फडकें असा त्यांचा फिरता संसार असे.

ते गेल्यानंतर गाडी दोन पावसाळे पडवींत उभी राहिली. थैल्यांवर हिरवट बुरशी चढली. बैठकीचें रेक्झिन पांढुरकें पडलें. आईच्यानें तें पाहवेना. एका रविवारीं सर्व कांहीं नवें करून टाकावें असें मीं मनांत आणिलें. कढत पाण्यांत धुण्याचा सोडा घातला, एक थैली काथ्यानें खसखसून घासली आणि आश्विनांतल्या कडक उन्हांत वाळत टाकली. सायंकाळीं ती फळीसारखी ताठ झाली होती. मग तिच्यावर बुटाचें काळें पॉलिश थापलें. रंग मोठा झकास दिसला. परंतु झांकण उघडावयास गेलों, तों तें दुमडीवर करकरून फाटलें. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें ते तुकडे उचलून आंत नेले.

दुसरी थैली घेऊन मी गांवांतील एका वृद्ध चर्मकाराकडे गेलों. त्यांनीं ती नाकाशीं धरून हुंगली, अंगठ्यानें दाबून पाहिली, आणि पहिलीची हकीकत ऐकून ते म्हणाले, "मास्तर, कातडं धुवायचं नसतं, पुसायचं असतं. रंगाचं मागनं बघू. आधी हे कातडं कसलं आहे, ते बघा." आजच्या माझ्या भाषणाचें सार या तीन वाक्यांत आहे. रंग हें या कामांतील शेवटचें पाऊल आहे. आणि जो त्यानेंच आरंभ करतो, तो बहुधा वस्तु गमावतो.

प्रथम चामडें म्हणजे काय तें पाहूं. जनावराच्या कातड्यांत सूक्ष्म तंतूंचें दाट जाळें असतें. तें तसेंच ठेवलें तर सडतें अगर वाळून हाडासारखें कठीण होतें. म्हणून तें कमवावें लागतें. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या काढ्यांत कातडें कमाविण्याची रीत फार जुनी आहे. २०१९ सालीं ज्या कोल्हापुरी वहाणेस भौगोलिक मानांकन मिळालें, तिचें चामडें याच जातीचें. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. तिचें पेटंट १८८४ सालीं ऑगस्टस शुल्ट्झ यानें अमेरिकेंत घेतलें. आज मोटारींच्या बैठकींस व कपड्यांस लागणारें मऊ चामडें बहुतांशी या दुसऱ्या रीतीनें तयार होतें. दोहोंतही एक गोष्ट समान आहे: कमावलेलें चामडें किंचित् आम्ल असतें आणि त्याच्या तंतूंमध्यें थोडें तेल मुरविलेलें असतें. सोडा आणि कपड्यांचा साबण हे आम्लाचे वैरी. ते चामड्याचा समतोल मोडतात व तेल ओढून काढतात. त्यावर कढत पाणी आणि ऊन यांची भर पडली कीं तंतु आखडतात, आणि एकदां आखडलेला तंतु पुन्हां मोकळा होत नाहीं. माझ्या हातून घडलें तें हेंच.

आतां आपल्यासमोरील वस्तूची जात कशी ओळखावी? झांकणाखालीं, नजरेआड असलेल्या जागीं, पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मुरून डाग काळसर झाला, तर चामडें उघडें आहे. त्यावर रंगाचा जाड थर नाहीं. मोटारसायकलच्या जुन्या थैल्या पुष्कळदां अशा असतात. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला, तर चामड्यावर रंगाचा व रक्षक द्रव्याचा थर आहे, किंवा तें मुळीं चामडेंच नव्हे. उसवलेल्या शिवणींतून उलट बाजू पाहा. तेथें केसाळ तंतु दिसले तर चामडें. विणलेलें कापड दिसलें तर रेक्झिन. रेक्झिन हें मूळचें एका ब्रिटिश मालाचें नांव. तो कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन बनवीत. आज आपण त्या नांवानें घेतों तें बहुधा पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा थर दिलेलें कापड असतें. दुचाकीच्या बैठका बहुतेक याच्याच.

जात कळली म्हणजे स्वच्छता. बुरशी असेल तर वस्तु घराबाहेर न्यावी, नाहीं तर झटकलेली बुरशी दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसते. कोरड्या मऊ फडक्यानें ती पुसावी व तें फडकें टाकून द्यावें. मग औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग घेऊन, फडकें त्यांत ओलें करून व पिळून, हलक्या हातानें फिरवावें. अर्थात् आधीं झांकणाखालीं परीक्षा घेऊन. साधा मळ असेल तर जिनासाठीं मिळणाऱ्या खास साबणाचा नुसता फेंस पुरे होतो. पाणी ओतूं नये. मोटारीच्या कांहीं बैठकींस हवा खेळण्यासाठीं बारीक छिद्रें असतात. त्यांतून ओल आंत गेली तर ती बाहेर यावयास मार्ग राहत नाहीं. वाळवावयाचें तें सावलींत, वाऱ्यावर. यास एक दिवस लागो कीं दोन, घाई करूं नये.

यानंतर रंग. बाजारांत दोन जातींचे रंग मिळतात. एक मुरणारा: तो पातळ असतो आणि चामड्याच्या तंतूंत शिरतो. दुसरा बसणारा: त्यांत रंगाची अतिसूक्ष्म पूड चिवट द्रव्यांत कालविलेली असते व ती पृष्ठभागावर पापुद्रा धरते. उघड्या चामड्याच्या थैलीस मुरणारा रंग शोभतो. मोटारीच्या थर दिलेल्या बैठकीस बसणाराच लागतो. मुरणाऱ्या रंगाचा एक नियम विसरूं नये. त्यानें चामडें गडद करतां येतें, फिकें करतां येत नाहीं. तपकिरी थैली काळी होईल. काळी थैली तपकिरी होणार नाहीं.

कोणताही रंग लावण्यापूर्वीं जुनें मेण, पॉलिश व हाताचा तेलकटपणा निघालाच पाहिजे, नाहीं तर रंग धरत नाहीं. त्यासाठीं अल्कोहोलनें ओलें केलेलें पांढरें फडकें फिरवावें; फडकें स्वच्छ निघूं लागलें म्हणजे काम झालें. हें करतांना खिडक्या उघड्या असाव्या, हातांत मोजे असावे व जवळपास विस्तव नसावा. थर दिलेल्या बैठकीवर कडा उचलल्या असतील तर अगदीं बारीक काचकागदानें त्या बसवाव्या. मग रंगाचा एक जाड हात न देतां तीन-चार पातळ हात द्यावे आणि प्रत्येक हात वाळूं द्यावा. ओला रंग फसवा असतो. त्याची खरी छटा वाळल्यावर कळते. शेवटीं पारदर्शक रक्षक थर द्यावा आणि पांढरा हातरुमाल किंचित् ओला करून बैठकीवर घासून पाहावा. रुमालास रंग लागला तर उद्यां पाहुण्यांच्या धोतरासही लागेल असें समजावें.

तेलाविषयीं आपल्यांत एक भाबडी समजूत आहे कीं, जितकें तेल अधिक तितकें चामडें सुखी. उघड्या चामड्यास रंगानंतर थोडें तेल लागतें हें खरें. मुरणारा रंग त्यास कोरडें करतो. परंतु फडक्याच्या टोंकावर घेऊन चोळलेले चार थेंब त्यास पुरतात. अधिक दिलें तर चामडें काळवंडतें व लुळें पडतें. थर दिलेल्या बैठकींत तर तेल शिरतच नाहीं. वर राहून धूळ मात्र गोळा करतें. दुचाकीच्या बैठकीस तेल लावून चकाकी आणणें हा तर धोक्याचा खेळ आहे, कारण गतिरोधक दाबतांच बसणारा पुढें घसरतो.

रेक्झिनचा न्याय निराळा. त्याचा मऊपणा आंत मिसळलेल्या एका द्रव्यामुळें असतो. उन्हानें व वर्षांच्या ओघांत तें द्रव्य निघून जातें, आणि मग पडलेली भेग कोणत्याही तेलानें सांधत नाहीं. कोमट पाणी व सौम्य साबण याहून अधिक त्यास कांहीं नको. पेट्रोल किंवा थिनर तर कदापि नको. शिवण उसवली असेल तर रंगाच्या आधीं शिवण पाहावी, कारण तिच्यांतून पावसाचें पाणी आंतल्या स्पंजांत उतरतें आणि वरचा रंग कितीही सुंदर असला तरी बसणाऱ्याची तुमान ओली होतेच. झाडपाल्यानें कमावलेल्या अतिजुन्या चामड्याचीही एक अशी अवस्था येते. त्याची लाल भुकटी हातास लागूं लागली म्हणजे तें परत येत नाहीं. तेथें रंगाचा खर्च व्यर्थ आहे.

श्रोतेहो, मी शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें आहे. आम्ल आणि अल्क यांचा धडा मीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिला असेल. तरी वडिलांची थैली सोड्यांत बुडवितांना तो मला आठवला नाहीं, आणि चार घरांपलीकडे राहणाऱ्या कारागिरास विचारावें असें तर मनांतही आलें नाहीं. ज्यांच्या हातांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या राहिली, त्यांना आम्ही वेशीबाहेर ठेविलें. त्यांनीं शिवलेल्या मोटेचें पाणी मात्र शेतास चाललें. त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारीं बसून मीं आरी कशी धरावी तें पाहिलें, तेव्हां माझ्या नुकसानींतील किती भाग सोड्याचा आणि किती भाग या न विचारण्याचा, हें मला कळलें.

त्यांनीं दुसरी थैली आठ दिवसांत तयार करून दिली. बुरशी गेली, शिवण नवी झाली, पूर्वींचा तपकिरी रंग परत आला. झांकणावर जेथें वडिलांचा अंगठा नेहमीं टेके, तेथें एक गुळगुळीत फिकट वाटोळें पडलेलें होतें. त्यावर रंग द्यावा काय, असें त्यांनीं आईला विचारून येण्यास मला सांगितलें. आई म्हणाली, "तेवढं राहू दे." तें तसेंच आहे. बैठकीचें रेक्झिन मात्र भेगाळून गेलें होतें. तें बदलावेंच लागलें, आणि त्याबद्दल कोणास हळहळ वाटली नाहीं.

तेव्हां आपल्या घरीं एखादी जुनी थैली किंवा मळलेली बैठक असेल, तर रंगाची बाटली आणण्यापूर्वीं पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा, आणि या कामांत ज्यांचे हात मुरलेले आहेत त्यांना एकदां विचारा. मीं विचारलें तें एक थैली गमावल्यानंतर. आपणांस तितकी किंमत देण्याचें कारण पडूं नये, एवढ्यासाठींच हे चार शब्द.