कलम ३७१ आणि मराठवाडा

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता कोसळली. नांदेडची व लातुरची प्रजा (लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे) मुक्त झाली खरी, पण कारभार तिच्या हातीं आला नाहीं. प्रथम मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. १९५० मध्यें वेलोडी मुख्यमंत्री झाले. नांव मुख्यमंत्र्याचें, वस्तुतः ते दिल्लीनें नेमलेले सनदी अधिकारी! लोकांनीं निवडलेलें मंत्रिमंडळ बुर्गुल रामकृष्णराव यांच्या नेतृत्वाखालीं १९५२ च्या मार्चांत अधिकारारूढ झालें. त्यांत नांदेड भागांतील दिगंबरराव बिंदू गृहमंत्री होते.

सत्ता दिल्लीहून हैदराबादेस परतली असें म्हणण्याचा मोह येथें होतो. मूळ राज्यघटनेंतील ३७१ वें कलम वाचणारा तो आवरील. 'ब' वर्गांतील राज्यांचीं सरकारें सामान्यतः दहा वर्षें राष्ट्रपतींच्या नियंत्रणाखालीं राहतील व त्यांचे आदेश पाळतील, असें त्यांत होतें; आणि हैदराबाद त्याच वर्गांतलें. तेलंगणांतील सशस्त्र उठाव ताजा असतां ही सावधगिरी सर्वस्वीं अनाठायीं नव्हती. तथापि निवडून आलेल्या मंत्र्यास असा लगाम बोचावयाचाच.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें 'ब' वर्ग गेला आणि लगामहि गेला. मराठवाडा मुंबई राज्यांत आला. मौज अशी कीं, त्याच ३७१ क्रमांकाखालीं आतां निराळाच मजकूर अवतरला: विदर्भ, मराठवाडा इत्यादि विभागांसाठीं विकास मंडळें, निधीची न्याय्य वांटणी, आणि राज्यपालांवर त्याची विशेष जबाबदारी. पूर्वीं ज्या कलमानें राज्यास दिल्लीशीं बांधलें, तेंच आतां राजधानीला आपल्या दूरच्या जिल्ह्यांशीं बांधूं पाहत होतें. परंतु राष्ट्रपतींच्या आदेशावांचून तें अमलांत यावयाचें नव्हतें, आणि तो आदेश निघावयास १९९४ साल उजाडलें. अडतीस वर्षें! मध्यंतरीं नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदां व लातूर जिल्ह्यांतील शिवाजीराव पाटील निलंगेकर एकदां मुख्यमंत्री होऊन गेले; मुख्यमंत्रिपद मराठवाड्यांत आलें, मंडळ आलें नाहीं.

आलें तेंहि शिफारस करण्यापुरतें. कर बसविण्याचा अधिकार त्यास नव्हता. निधीचा शेवटचा शब्द मुंबईचाच. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, त्या वेळीं हें मंडळ अस्तित्वांत होतें. गाडी मात्र दिल्लीच्या खात्याची होती. पुढें चार वर्षांनीं, ३० एप्रिल २०२० रोजीं, मंडळाची मुदत संपली.