आधी निरीक्षण, मग अनुमान

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नोकरी सॉफ्टवेअरची आणि नखांत ग्रीस कसं, असं काल जेवताना बऱ्याच जणांनी विचारलं. संयोजकांनी मग त्यावरच बोलायला सांगितलं.

मी राहते अमेरिकेत, ओहायोमध्ये. ऑफिसातल्या एका मित्राची जुनी, कार्ब्युरेटरवाली, आठ सिलिंडरची गाडी आहे. तो ती ड्रॅग रेसमध्ये पळवतो. चालवायची त्याने, बिघाड शोधायचा आम्ही तिघाचौघांनी.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या जागेवरून सुटायचं आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, पळायचं. हौशी लोक बहुधा ब्रॅकेट रेस खेळतात. त्यात आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी सांगायचं असतं. हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर सहसा बाद! म्हणजे इथे भरवशाची गाडी जिंकते. साहजिकच बारीकसा बिघाडही लपत नाही.

प्रत्येक धावेनंतर हातात एक चिठ्ठी मिळते. ६०, ३३०, ६६०, १,००० आणि १,३२० फुटांना किती वेळ लागला आणि शेवटी वेग किती होता, ते तिच्यावर छापलेलं असतं. हे गाडीचं प्रगतिपुस्तकच. पहिल्या ६० फुटांचा वेळ वाढला पण शेवटचा वेग तोच राहिला, तर इंजिनाला दोष देऊ नका. टायर घसरला का ते बघा. उलट ६० फूट नेहमीसारखे आणि शेवटचा वेग पडला, तर इंजिनाची ताकद कमी पडते आहे. मग हवा, पेट्रोल आणि ठिणगी तपासायची. हवा गरम आणि दमट असली तरी वेग पडतो, म्हणून शेजाऱ्याचीही चिठ्ठी बघावी.

मागच्या उन्हाळ्यात आमची गाडी ६६० फुटांपर्यंत छान जायची आणि पुढे अडखळायची. उभी असताना इंजिन एकदम सुरळीत. एक म्हणाला कार्ब्युरेटर बदला, दुसरा म्हणाला टायमिंग बदला, तिसरा म्हणाला आणखी एक धाव मारून बघू. हा तिसरा सल्ला सगळ्यांत महाग. पेट्रोल कमी पडत असताना पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून ठेवला तर इंजिन आतून भलतंच तापतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. शिवाय आत माणूस बसलेला असतो.

मी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटतं ते. उजवा रकाना क्षणात भरला! डावीकडे लिहायला मात्र प्लग काढून बघावे लागले. ते नेहमीपेक्षा पांढरे होते, म्हणजे पेट्रोल कमी. मग काचेबाहेर पेट्रोलच्या दाबाचा मीटर बसवला आणि मित्राला बजावलं, काटा पडला की लगेच पाय काढायचा. काटा ७ पौंडांवरून ३ वर आला. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल अर्धा रस्ता पुरत होतं. पुढे मागून येतच नव्हतं.

फिल्टर स्वच्छ होता. पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा, मागे टाकीजवळ. पंप बंद असताना तिथल्या वायरीवर पूर्ण १२ व्होल्ट दिसत होते. पंप चालू ठेवून मोजलं तर जेमतेम साडेनऊ. बाकीचे जात होते अर्थच्या वायरीच्या बोल्टखाली, गंजात. पॉलिश पेपरने पत्रा घासला, वायर घट्ट बसवली. पुढच्या धावेत काटा हलला नाही. कार्ब्युरेटर आजही तोच आहे.

काही बिघाड भार पडल्यावरच दिसतात. माझ्या नोकरीतही तेच: एक माणूस वापरतो तेव्हा प्रोग्राम उत्तम, हजारजण आले की कोलमडतो. म्हणून मोजायचं ते भार असताना.

पण दोन रकान्यांची युक्ती मी इंजिनिअरिंगला शिकले नाही. ती याच शाळेतली. आठवतं का, प्रयोगवहीत निरीक्षणाखाली कोणी ‘आम्लामुळे’ असं लिहिलं, की विज्ञानाच्या बाई वही परत करायच्या. “लिटमस लाल झाला, एवढंच लिही. कशामुळे, ते अनुमानात.” तेव्हा तो खडूसपणा वाटायचा. आज परक्या देशात, एका माणसाला ताशी शंभर मैलांनी पळवण्याआधी, आम्ही चौघं बाईंचाच नियम पाळतो. अजून एक पाळतो: गाडीखाली थेंब दिसला, तर कारण सापडेपर्यंत ती रेषेवर न्यायची नाही. मागून येणाऱ्याचं चाक त्याच थेंबावरून जाणार असतं.

बाई समोर बसल्या आहेत. त्यांना नमस्कार करते आणि थांबते.