मदीनेची काळी जमीन आणि खंदकाची लढाई

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मागे एकदा नववीच्या वर्गात खंदकाच्या लढाईची हकीकत सांगत असता एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, १०,००० शत्रू चालून आले, मग खंदक गावाभोवती चारही बाजूंनी का नाही खणला? एकाच बाजूला खणून कसे भागले?" मी त्या वेळी "वेळ थोडा होता" असे काहीतरी उत्तर दिले आणि पुढे गेलो. घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. इतकी वर्षे आपण हा प्रसंग शिकवतो, तलवारी मोजतो, माणसे मोजतो. पण ज्या जमिनीवर हे घडले तिच्याकडे आपण कधी पाहिलेच नाही.

मदीना शरीफच्या पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या, ओबडधोबड दगडांची पठारे आहेत. अरबीत अशा जमिनीला 'हर्रा' म्हणतात. पूर्वेचा हर्रा वाकिम, पश्चिमेचा हर्रा वबरा. या जमिनीला दुसरा शब्द आहे 'लाबा'. दोन लाबांमधली भूमी पवित्र ठरवल्याचे हदीसमध्ये आले आहे, म्हणजे हरमची हद्द सांगतानाही याच दगडांची खूण वापरली गेली. (लाबा आणि लाव्हा या शब्दांचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. लाव्हा हा शब्द इटलीतून आला आहे.)

शब्दांचे नाते नसले तरी वस्तू तीच आहे. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस, आपण ज्याला बेसाल्ट म्हणतो तो. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानची भूमी आफ्रिकेपासून फाटू लागली आणि त्या फटीत तांबडा समुद्र तयार झाला. पुढे अरबस्तानच्या पश्चिम भागात जमिनीला भेगा पडून खालचा वितळलेला खडक वर आला. मदीनेपासून दक्षिणेकडे सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला हर्रा रहात असाच गेल्या १ कोटी वर्षांत थरावर थर साचून झाला. बेसाल्टचा रस पातळ असतो, तो दूरवर वाहतो. वाहता वाहता वरची साय घट्ट होते, खालचा रस पुढे सरकतो आणि ती साय फुटून तिचे धारदार तुकडे होतात. अशा तुकड्यांवरून घोडा दौडत नाही. त्याच्या टापा फाटतात. उंटाचे पाऊल तर मऊ असते.

आता हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७ चा प्रसंग पाहा. हल्ला करणाऱ्यांचे बळ घोडदळात होते. पूर्व-पश्चिमेला हर्रा, दक्षिणेला खजुराच्या दाट बागा आणि एकमेकींना लागून असलेली घरे. मोकळी राहिली ती उत्तर. हजरत सलमान फारसी (र.) यांनी आपल्या इराण देशाच्या रीतीप्रमाणे खंदकाची सूचना केली आणि हजरत पैगंबरांनी (स.) ती मान्य केली. खंदक एका हर्ऱ्यापासून दुसऱ्या हर्ऱ्यापर्यंत नेला. दोन काळ्या पठारांच्या मधली जमीन ओढ्यांनी आणलेल्या गाळाची, म्हणून तिथे कुदळ चालली. तीही सगळीकडे नाही. खोदताना एक कठीण शिळा लागली, कोणाच्याने फुटेना, तेव्हा पैगंबरांनी (स.) स्वतः कुदळ हाती घेऊन ती फोडली, हे हदीसमध्ये आपण वाचतो. सुमारे महिनाभर वेढा पडला, पण घोडदळाला ती फट ओलांडून गावात शिरता आले नाही.

त्याआधी दोन वर्षांपूर्वीची उहुदची लढाई. उहुदचा डोंगर तांबूस दिसतो, कारण तो या काळ्या दगडांच्या कुळातला नाही. त्याचे खडकही ज्वालामुखीचेच, पण सिलिका अधिक असलेले आणि ६० कोटी वर्षांच्याही मागे जाणारे. हर्ऱ्याचा लाव्हा वाहिला तेव्हा उहुद तिथे केव्हाचा उभा होता. या कठीण भिंतीला पाठ देऊन मुसलमानांची फौज उभी राहिली. एक बाजू उघडी होती, ती राखायला समोरच्या लहान टेकडीवर ५० तिरंदाज ठेवले. त्यांतल्या बहुतेकांनी जागा सोडली, घोडदळ तिथूनच मागे आले आणि पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. डोंगराने आपली बाजू राखली. माणसांची बाजू उघडी पडली.

काही वडीलधारे मला म्हणाले, "मास्तर, असे दगडमातीचे हिशेब मांडल्याने श्रद्धा कमी होत नाही का?" मला तसे वाटत नाही. तेथे मसलत झाली, जमीन पाहिली गेली, परक्या देशाची युक्ती स्वीकारली गेली, पोटाला दगड बांधून खोदकाम झाले. हे सगळे वगळून मुलांना फक्त विजयाची तारीख पाठ करायला लावणे मला तरी अपुरे वाटते. भूगोलाचा तास म्हणजे मार्कांपुरता तास, असे समजणाऱ्या पालकांनाही माझे हेच सांगणे आहे.

हा लाव्हा केवळ पुराणकाळचा नाही. हिजरी ६५४, म्हणजे इ. स. १२५६ मध्ये आधी भूकंपाचे धक्के बसले आणि मग मदीनेच्या आग्नेयेस जमीन फाटली. ५२ दिवस लाव्हा वाहत होता. २३ किलोमीटर वाहून तो शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर थांबला. मदीनेहून आलेली पत्रे दमास्कसचे इतिहासकार अबू शामा यांनी आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली, म्हणून आज शास्त्रज्ञांना त्या घटनेचा दिवसवार माग लागतो.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच, पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. इतक्या काळच्या पावसाने तो झिजला, कुजला, त्याची कपाशीची काळी जमीन झाली. मदीनेचा दगड तरुण आणि तिथे पाऊस थोडा, म्हणून त्याची धार अजून टिकून आहे. दगडातली भोके पाहा, ती आतल्या वायूच्या बुडबुड्यांची. आपल्याकडे ती पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली दिसतात, तिथे अनेक ठिकाणी रिकामी आहेत. आपल्यापैकी जे हज वा उमऱ्यासाठी जातील त्यांनी मदीनेत शिरताना मोटारीच्या खिडकीतून हे दगड जरूर पाहावेत, आणि परत आल्यावर या सभागृहाच्या जोत्याचा दगड त्यांच्याशी ताडून पाहावा.