रात्री आठचा धडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी चुडावा येथे केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपण बाहेरून कोणा शिकलेल्या बाईंना बोलावतो आणि त्यांचे विचार ऐकतो. यंदा अध्यक्षबाईंनी माझेच नाव पुढे केले. मी सातवी शिकलेली. माझ्या माहेरची शाळा सातवीपर्यंतच होती, ती संपली आणि माझे शिकणेही संपले. "मी काय बोलणार?" असे म्हणून मी अंग काढून घेत होते, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या ओसरीवर बसून बाई फोन शिकल्या ना, तेवढेच सांगा." म्हणून तेवढेच सांगते. बाईंनी मला शपथ घातली आहे, की माझे आणि शाळेचे नाव घ्यायचे नाही. तेव्हा मी नुसते 'बाई' म्हणेन. मुले मॅडम म्हणत, पण आम्हा बायकांच्या तोंडी बाईच बसले आहे.

आपले गाव स्टेशनचे. पूर्णेकडून नांदेडकडे गाडी गेली की घड्याळ न पाहता वेळ कळते. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, तेव्हा पहिले काही दिवस मला स्वयंपाकाची वेळच समजेना. शाळांनाही कुलूप लागले. आम्ही त्या वेळी शेतातल्या आखाड्यावर राहायला होतो. घरात आत्याबाई, आमचे हे, दहावीत जाणारा मुलगा आणि सातवीत जाणारी मुलगी. चित्रे दिसतील असा फोन घरात एकच, आणि तो ह्यांच्या खिशात.

जूनमध्ये वरून सूचना आली, शाळा बंद पण शिक्षण सुरू. फोनवरून शिकवा. बाईंची नोकरी पंचवीस वर्षांच्या वर झालेली. त्यांचे फळ्यावरचे अक्षर असे, की पुसताना मुलांना वाईट वाटे. पण फोन त्यांना फक्त उचलता आणि ठेवता येई. शाळेच्या आवारात रेंज येत नसे. आमचा आखाडा माळाच्या चढावर, तिथे ओसरीच्या एका कोपऱ्यात ती बरी येई. म्हणून बाई पूर्णेहून स्कूटीवर येऊन तोंडाला रुमाल बांधून त्या कोपऱ्यात बसू लागल्या. आणि त्यांचे गुरू कोण, तर आमचा मुलगा! चार हात दूर उभा राहून तो सांगे, "मॅडम, माइकच्या चित्रावर बोट दाबून धरा. बोलणे संपेपर्यंत उचलू नका." बाई बोट उचलत आणि धडा अर्ध्यात तुटे. त्यांना घाम फुटे. एकदा मला म्हणाल्या, "अहो, पहिल्या नोकरीच्या दिवशीसुद्धा मी अशी घाबरले नव्हते."

पहिला धडा भूगोलाचा गेला, 'वारे'. बाई वाऱ्यांविषयी छान सांगत होत्या आणि मध्येच आत्याबाईंचा आवाज आला, "अगं, शेरडाला पाणी दाखवलंस का नाही?" पाठोपाठ शेरडू ओरडले. सगळे तसेच्या तसे तीस घरी पोचले. दुसऱ्या दिवशी मुलांनी वाऱ्यांविषयी एक प्रश्न विचारला नाही, शेरडू कोणाचे एवढेच विचारले. बाईंना रडू आले होते, पण नंतर त्याच हसल्या. म्हणाल्या, "निदान ऐकले तरी सगळ्यांनी."

मग बाईंना हुरूप आला. मोठमोठी चलचित्रे पाठवू लागल्या. सकाळी दहाला शाळेची घंटा होते, म्हणून सकाळी दहालाच पाठवत. दोन-तीन दिवसांत उत्तरे येणे बंद झाले. बाईंना वाटले मुले आळशी झाली. मी भीत भीत म्हटले, "बाई, दहा वाजता फोन घरी असतो कुठे?"

भगिनींनो, ही गोष्ट त्यांना कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शंभर पानी वही घेतली आणि वस्त्यांवर हिंडल्या. कोणाच्या घरी कसला फोन, तो कोणाच्या खिशात जातो, परत किती वाजता येतो, आल्यावर आधी कोणाच्या हातात पडतो, हे सगळे लिहून काढले. निम्म्या घरी असला फोनच नव्हता. जिथे होता, तिथे तो दिवसभर शेतात, नाही तर मजुरीच्या ठिकाणी. रात्री आठच्या सुमाराला घरी येई. मग मुलगा घेई, मग दीर, मग आणखी कोणी, आणि मुलीच्या हाती येईतो त्यातला दिवसाचा डाटा संपलेला असे. कितीतरी घरी तर "पोरीच्या हातात फोन कामून पाहिजे?" असाच सवाल होता. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' नावाची मालिका लागू लागली, तिचे कौतुक आम्ही ऐकले. पण आखाड्यावर टीव्ही नव्हता.

वही भरल्यावर बाईंनी सगळी रीतच बदलली. चलचित्र बंद. बोललेला धडा, पाच मिनिटांचा, रात्री आठला. बोललेल्या धड्याला डाटा फार थोडा लागतो, हे आमच्या मुलाने त्यांना दाखवून दिले होते. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यांना बाई स्वतः आळीपाळीने फोन लावत. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी शेजारच्या घरी बसून ऐकायचे. तो शेजार ठरवायला बाई पुन्हा वही घेऊन हिंडल्या, कारण खेड्यात कोण कोणाच्या ओसरीवर बसेल हा प्रश्न भूगोलापेक्षा अवघड असतो.

आणखी एक अनुभव सांगते, तो आपल्या मंडळातल्या प्रत्येकीने ऐकावा असा आहे. व्हॉट्सअॅपच्या गटात ज्याचा नंबर घातला, तो गटातल्या सगळ्यांना दिसतो. हे आधी कोणाच्याच ध्यानात आले नाही. एका मुलीच्या नंबरावर रात्री-बेरात्री परक्या माणसाचे फोन येऊ लागले. तिच्या बापाने फोन काढून घेतला आणि मुलीलाच दोन थोबाडीत दिल्या. बाई त्यांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "चूक माझी आहे, लेकराची नाही." त्याच रात्री त्यांनी सगळ्या मुलींचे नंबर काढून आयांचे घातले, आणि गटात फक्त बाईंनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करून घेतली. त्यामुळे सकाळची फुले, देवांची चित्रे आणि पुढाऱ्यांच्या बातम्या आपोआप थांबल्या हा वेगळाच लाभ.

आयांचे नंबर घातल्याने एक नवल झाले. धडा आधी आम्हाला ऐकू येऊ लागला. मी भाकऱ्या थापता थापता ऐके. माझे सुटलेले सातवीचे पुस्तक वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा उघडल्यासारखे वाटे. कधी मुलीला काही अडले तर मी सांगे, आणि ती म्हणे, "आई, तुला हे येतं?" मला काय वाटे ते इथे सांगत बसत नाही.

डिसेंबर लागला, आणि एके दिवशी बाई वर्तमानपत्र घेऊनच आल्या. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला होता. एकशे चाळीसच्या वर देशांतून बारा हजारांवर नावे आली होती आणि त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळेतला आपला एक गुरुजी निवडला गेला. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुरस्कार दहा लाख डॉलरचा, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आत्याबाई म्हणाल्या, "येडा का काय माणूस?" आणि थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, "त्याच्या मायनं चांगलं वाढवलं म्हणायचं."

गुरुजी २००९ साली त्या शाळेवर गेले, तेव्हा ती गुरांचा गोठा आणि सामानाची खोली ह्यांच्यामध्ये पडक्या जागेत भरत होती, असे वाचले. त्यांनी मुलांच्या पुस्तकात ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचे शिक्के छापले, ज्यांना क्यूआर कोड म्हणतात. त्यावर फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे आपल्या सरकारच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. पण बाईंनी ती बातमी वाचताना एका ओळीवर बोट ठेवले. तिथल्या मुलांच्या घरची बोली कन्नड, म्हणून गुरुजींनी आधी स्वतः ती भाषा शिकून घेऊन पुस्तकातला मजकूर तिच्यात आणला होता. बाई म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनीही आधी घरात डोकावूनच पाहिले."

त्या शिक्क्याची एक मौज सांगते. तो १९९४ साली जपानात निघाला, आणि कशासाठी, तर मोटारींचे सुटे भाग मोजायला! त्याच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात, त्यांवरून फोनला कळते की शिक्का सुलटा आहे की उलटा. आणि तो अशा हिशेबाने बनवलेला असतो की थोडा मळला, फाटला तरी वाचता येतो. ह्याची प्रचिती आमच्याच घरी आली. हळद शिजवायच्या दिवसांत मुलीने गणिताचे पुस्तक पिवळ्या हातांनी धरले आणि शिक्क्यावर बोटाचा ठसा उमटला. ती रडवेली झाली. भावाने फोन धरला, तर धडा उघडला! हळदीच्या बोटाने सरकारी पुस्तकसुद्धा बाटत नाही, असे आत्याबाई म्हणाल्या.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते. २७ जानेवारी २०२१ ला खेड्यांतल्या पाचवी ते आठवीच्या शाळा उघडल्या, पण थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडल्या. तेवढ्यात आमच्या मुलीला एक स्थळ आले. जावेच्या नात्यातले, दोन एकर बागायत, मुलगा पुण्याला कामाला. मुलगी तेरा वर्षांची. कायदा अठराचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पण लग्नाला पन्नासच माणसे, खर्च नाही, बोभाटा नाही, आणि "शाळाच बंद हाय तर घरी बसवून काय करायचं?" हे आत्याबाईंचे म्हणणे. ह्यांनी नाही म्हटले नाही. मीही नाही म्हटले नाही, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. माझीही सातवीच झाली होती, त्यात मला काही अघटित वाटत नव्हते.

त्या आठवड्यात बाईंचा धडा सरळव्याजाचा होता. रात्री आठला फोन ओसरीवर ठेवून मुलगी ऐकत होती, हे बाजेवर पडून होते. बाईंनी शेवटी सांगितले, आपल्या घरातल्या एखाद्या कर्जाचे व्याज काढून आणा. मुलीने वडिलांना विचारले. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी एका खाजगी माणसाकडून वीस हजार घेतले होते, शेकडा तीन रुपये महिना. मुलीने वहीवर मांडले. महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे, दोन वर्षांचे चौदा हजार चारशे. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे दरसाल दरशेकडा छत्तीस. बँकेचं पीककर्ज सात टक्क्यांनी असतं, त्याचे वर्षाचे चौदाशेच होतात." शेकडा तीन म्हणजे तीनच, असे ह्यांच्या मनात इतके दिवस बसले होते. ते उठून बसले. वही हातात घेतली. त्यांना आकडे वाचता येतात, मांडणी येत नाही. बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि "पुन्हा मांड" म्हणाले. तिने पुन्हा मांडले.

सकाळी जावेला निरोप गेला, ह्या वर्षी नाही. एवढाच. पुढच्या वर्षी तेच स्थळ पुन्हा आले, तेव्हा मी नाही म्हणाले. पण ते म्हणायला मला एक वर्ष लागले.

आमचे एवढ्यावर भागले. वर्गातल्या दोघींचे तसे भागले नाही. त्यांची लग्ने त्या बंदच्या दिवसांत उरकली. एकीच्या घरी फोन नव्हता आणि शेजारच्या ओसरीवर तिला पाठवत नव्हते. दुसरीच्या घरी चांगला फोन होता. बाईंच्या वहीत त्या दोन नावांपुढे रेघ ओढलेली मी पाहिली आहे. डिसले गुरुजींच्या गावी मुलींची लहानपणची लग्ने थांबली, शाळेतली हजेरी वाढली, असे पुरस्कार देणाऱ्यांनी लिहिले होते. बाई ते वाचून बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी आठ वाजताची वेळ दोन महिने आधी धरायला हवी होती." मी त्यांना म्हटले, तुम्ही नसता तर आणखी रेघा पडल्या असत्या. त्यांना ते पटले नाही.

आणि फोनचे गोडवे गायला मी इथे आलेले नाही. माझ्या मुलाने त्याच फोनवर मॅडमना शिकवले आणि त्याच फोनवर रात्रभर खेळही खेळला. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. तो पास झाला, पण कशावर झाला ते देवच जाणे. गणित त्याला अजून बहीण सांगते.

ती आता सकाळच्या गाडीने नांदेडला कॉलेजला जाते. बाई सेवानिवृत्त झाल्या. गेल्या महिन्यात आल्या होत्या, तेव्हा आपला जुना फोन मंडळासाठी देऊन गेल्या. तो कपाटात आहे, चालू आहे. कपाटाच्या किल्लीजवळ एक वही ठेवली आहे, शंभर पानी. ज्यांच्या घरी मुलीला अभ्यासाला फोन मिळत नाही, त्यांनी वहीत नाव लिहून तो न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावा. मुलाचे नाव लिहिले तर मी खोडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

चहा निवतो आहे, आणि हळदीकुंकवाला उशीर होतो आहे असे अध्यक्षबाई खुणावत आहेत. बसते.