ऱ्होड आयलंडचा समाजनिधी आणि आपली दानपेटी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण, थोडे आटोपते करून)



वर्धापनदिनाला बोलायचं म्हणजे विहाराचं कौतुक करायचं, अशी रीत आहे. ते पुढचे वक्ते करतील. मी पैशाविषयी बोलणार आहे. पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे माणसं चुळबुळ करतात, कुणी चहा झाला का ते बघायला उठतो. आज थोडं बसावं, ही विनंती.

आधी माझी चूक सांगतो. मी खजिनदार असताना आपण घरोघरी फिरून मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमवला. पावत्या फाडल्या, वहीत नावं लिहिली. पुढे जयंती आली. मंडप, स्पीकर, लाइटिंग यांची बिलं अंगावर आली. कमिटीत ठरलं की तूर्त शिक्षण निधीतून देऊ, मागाहून भरू. ते मागाहून कधी आलंच नाही. कुणी एक रुपया खिशात घातला नव्हता. हिशोब चोख होता. पण जून महिन्यात आपल्याच वस्तीतली एक मुलगी वडिलांना घेऊन फीसाठी आली तेव्हा द्यायला काही शिल्लक नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," असं मी म्हणालो. तिचं शिक्षण बारावीवर थांबलं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. दान गोळा होतं, मग ते टिकत का नाही? इतर समाजांनी काय केलं, हे वाचू लागलो. त्यातलं एक उदाहरण अमेरिकेचं आहे, ते आज सांगतो.

1914 साली क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे एक बँकर होते. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की श्रीमंत माणसं मृत्युपत्रात लिहून जात, माझा पैसा अमुकच कामाला लावा. पन्नास वर्षांनी ते कामच उरत नसे. पैसा पडून राही आणि शेजारी गरजू माणूस उपाशी. गॉफ यांनी तोड काढली. सगळ्यांचं दान एका समाजनिधीत ठेवायचं, मुद्दल बँकेने सांभाळायचं, आणि उत्पन्न कुठे द्यायचं ते त्या त्या काळातल्या गावच्या समितीने ठरवायचं. त्या दिवसांत आपले बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 1916 साली ते तिथून लंडनला गेले. त्याच 1916 साली न्यूयॉर्कपासून जवळच असलेल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'ऱ्होड आयलंड फाउंडेशन' उभं राहिलं.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य. 39 शहरं-गावं आणि सुमारे 11 लाख वस्ती, म्हणजे आपल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षाही कमी. पण अख्ख्या राज्यासाठी एक सामाईक निधी त्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ चालवला. आज त्याची मालमत्ता शंभर कोटी डॉलरच्या वर आहे आणि दरवर्षी अनेक कोटी डॉलर स्थानिक संस्थांना जातात.

हे चालतं कसं? पहिली गोष्ट, मुद्दलाला सहसा हात लावत नाहीत. अशा निधीत आलेली रक्कम गुंतवली जाते आणि साधारण चार ते पाच टक्के दरवर्षी वाटले जातात. तेही एका वर्षाचं मूल्य धरून नव्हे, मागच्या काही वर्षांची सरासरी काढून. त्यामुळे बाजार पडला तरी अनुदान एकदम बंद पडत नाही. उरलेली वाढ मुद्दलात राहते, म्हणून महागाईने निधी झिजत नाही.

दुसरी गोष्ट, पैसा वेगवेगळ्या खात्यांत असतो आणि खात्याचा हेतू लेखी असतो. काही दाते म्हणतात, राज्याची जी गरज असेल तिथे द्या. हा खुला निधी. काही म्हणतात, फक्त शिक्षणासाठी किंवा फक्त आरोग्यासाठी. काही एकाच संस्थेचं नाव लिहून देतात. काही दाते हयातीत दरवर्षी सुचवतात की यंदा अमक्या संस्थेला द्यावे, पण शेवटचा निर्णय फाउंडेशनचा असतो. शिष्यवृत्तीची खाती वेगळी. आणि आपल्याला महत्त्वाची गोष्ट अशी की एखादी छोटी संस्था स्वतःचा कायमनिधीही तिथे ठेवू शकते. गुंतवणूक फाउंडेशन पाहतं, उत्पन्न संस्थेला मिळतं. वर्षाचा सांभाळण्याचा खर्च तेवढा वळता होतो.

तिसरी गोष्ट, वाटप. खुल्या निधीसाठी संस्था अर्ज करते. अशा फाउंडेशनांची पद्धत साधारण सारखीच असते. नोंदणी दाखवा, तपासलेले हिशोब दाखवा, कार्यकारिणीत कोण आहे ते सांगा, काम किती लोकांपर्यंत जाईल ते लिहा, उरलेला पैसा कुठून आणणार ते सांगा. त्यांचा माणूस येऊन काम बघतो, मग समिती बसते. समितीतला कुणी अर्जदार संस्थेशी संबंधित असेल तर त्याने तसं सांगून त्या निर्णयातून बाजूला व्हायचं. वर्ष सरल्यावर अहवाल द्यायचा. ज्या छोट्या गटाची नोंदणी झालेली नाही, त्याला एखादी नोंदलेली संस्था आपल्या छत्राखाली घेते आणि तिच्यामार्फत पैसा मिळतो.

यातलं एक खातं मला फार जवळचं वाटलं. ऱ्होड आयलंडच्या काळ्या समाजाच्या कामासाठी त्या फाउंडेशनात एक स्वतंत्र निधी आहे. त्याला बॅनिस्टर पती-पत्नींचं नाव दिलं आहे. एडवर्ड बॅनिस्टर हे काळे चित्रकार. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पदक मिळालं. चित्रकार काळा आहे हे कळल्यावर परीक्षकांची चलबिचल झाली, पण पदक कायम राहिलं. त्यांच्या पत्नी क्रिस्टियाना यांनी केस विंचरण्या-सजवण्याचा धंदा करून पैसा मिळवला आणि 1890 साली प्रॉव्हिडन्स शहरात वृद्ध काळ्या स्त्रियांसाठी घर काढलं. आयुष्यभर गोऱ्यांच्या घरी राबलेल्या बायकांना म्हातारपणी थारा नव्हता, त्यांच्यासाठी हे घर. आपल्या आया-बहिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. आज त्यांच्या नावाच्या निधीतून त्या समाजात काम करणाऱ्या संस्थांना अनुदान मिळतं.

2020 च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा याच फाउंडेशनने युनायटेड वे या संस्थेबरोबर तातडीचा निधी उघडला आणि अन्न, निवारा पुरवणाऱ्या स्थानिक संस्थांना पैसा दिला. कोणती संस्था खरी, कोण कुठे काम करतं, हे वर्षानुवर्षांच्या संबंधामुळे आधीच ठाऊक होतं. आपण त्या काळात काय केलं ते आठवा. मनापासून धावलो, पण रोज सकाळी वर्गणी मागून संध्याकाळी शिधा वाटला.

त्या पद्धतीत दोष नाहीत असं नाही. ज्या संस्थेत अर्ज चांगला लिहिणारा असतो तिला अनुदान लवकर मिळतं. जिचं काम मोठं पण लिहिणारं कुणी नाही, ती मागे राहते. अनुदान बहुधा एका वर्षाचं, आणि संस्थेचा पगार, भाडं, वीज बिल मात्र दरमहा. दात्यांच्या सल्ल्याच्या खात्यांत पैसा साचून राहतो, अशीही टीका तिथे होते. म्हणून डोळे झाकून नक्कल करायची नाही.

आणि हे काही परकं ज्ञान नव्हे. भगवंतांनी सिगाल गृहस्थाला सांगितलं की मिळकतीचे चार भाग कर. एक स्वतःसाठी, दोन धंद्यात, चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेव. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असं सांगितलं. देणं आपल्याला येतं. राखून ठेवणं आपण विसरलो.

आता आपल्या विहाराचा हिशोब मांडू. दोनशे घरं धरा. घरटी महिना पन्नास रुपये म्हणजे महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. पाच वर्षांत सहा लाख. व्याज सहा टक्के धरलं तर वर्षाला छत्तीस हजार. त्यातले बारा हजार मुद्दलात परत टाकले तरी चोवीस हजार दरवर्षी हातात येतील. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे, पुस्तकं, अभ्यासिकेचं वीज बिल यातून भागेल. आणि पुढच्या वर्षी तेवढे पुन्हा येतील.

माझ्या सूचना चार आहेत. शिक्षणाचा कायमनिधी वेगळ्या बँक खात्यात ठेवावा, आणि ही रक्कम मूळ निधीसाठी आहे असं दात्याकडून लिहून घ्यावं. जयंती, मंडप, रंगकाम, कशासाठीही त्याला हात लावता येणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. वाटपाची समिती कार्यकारिणीहून वेगळी असावी, तिच्यात दोन महिला आणि एक शिकणारा विद्यार्थी असावा, आणि ज्याच्या घरचा अर्ज असेल त्याने त्या दिवशी बाहेर बसावं. वर्षाचा हिशोब या भिंतीवरच्या फळ्यावर लावावा, आलेला किती, दिलेला किती, कुणालाही वाचता येईल असा. मदत घेणाऱ्या मुलांची नावं मात्र फळ्यावर नकोत.

जयंती थाटात व्हावी, मीही नाचणारा माणूस आहे. तिची वर्गणी वेगळी काढू. पण जून महिन्यात कुणाची लेक या दारात आली तर "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर या विहारातून पुन्हा जाऊ नये. माझी पहिली पावती आजच फाडावी, अशी खजिनदारांना विनंती करतो आणि थांबतो.

नमो बुद्धाय, जयभीम.